पितळेच्या दुकानावरचे मास्तर

मास्तर चेहऱ्याचा वास घेत. नाक लावून नाही बाप्पा, दोन हात लांबूनच, पण घेत. नवी पोरगी वर्गात आली का तिले खिडकीपाशी स्टुलावर बसवत, आपण मागं सरकत, डोळे बारीक करत, नाकानं जोरानं ओढत अन मंग सांगत, "हिनं येतायेता बसस्टँडवर पावडर लावली. जाय, धुऊन ये." त्याईचं चुकलं असं मीनं कधी पाह्यलं नाही. माह्या वेळेस थांबले, अजून एकडाव ओढलं, अन म्हणाले, "हिच्या अंगाले दुधाचा वास हाये. लेकरू कुठं ठेवलं वं?"

लेकरू मीनं खाली ठेवलं होतं. वर्ग होता भंडाऱ्यात, पितळेच्या भांड्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. मी मोहाडीहून एसटीनं आठ महिन्याची पोरगी घेऊन आली होती, अन मले वाटलं का लेकरू पाहून हे नाहीच म्हणतीन, म्हणून दुकानाच्या बाकावर एक बाई बसली होती तिच्या मांडीवर पोरगी दिली, पाच मिन्टं धरा म्हटलं, अन वर पळाली. ना ओळख ना पाळख. मास्तरांनी खिडकीतून खाली वाकून हाक मारली, "अवं, ते पोट्टी वर आण. तिची माय सापडली."

ते बाई मास्तरांची बायको निघाली.

मी नववी नापास. मंग लग्नच झालं. मले तवा सगळ्याचंच भेव लागे, कंडक्टरचं, फारम भराचं, वाजणाऱ्या फोनचं सुद्धा. नवरा चिखल्याले खाणीच्या ट्रकवर, आठवड्यातून एकडाव घरी येणार. त्यानं एवढंच म्हटलं होतं, सहा महिन्याचा मेकअपचा कोर्स कर, सर्टिफिकेट भेटलं तर समोरची खोली तुह्या पार्लरले. नाही भेटलं तर खोली भाड्यानं देऊन टाकू अन तू आईसंग धानाच्या रोवण्याले जाय. वाईट बोलला नाही तो, जे होतं ते बोलला. पण त्या दिवसापासून समोरची खोली मले डोळे मिटले तरी दिसे, तिची खिडकी, तिचा कोनाडा, आरसा कुठं लावाचा ते सुद्धा.

मास्तरांनी तीस वर्षं झाडीपट्टीतल्या नाटकाले रंग लावला होता. दिवाळी झाली का आमच्या इकडं गावोगावी नाटकं लागतात, अन मास्तर पेटी घेऊन फिरत, राजा कराचा, म्हातारी कराची, माणसाची बाई कराची. मंग गुडघे गेले, जागरण जमेना, तवा हा वर्ग काढला. पुरुष माणूस बायकाईले मेकअप शिकवते हे ऐकून माही सासू म्हणाली, "असा कोणता वर्ग असते वं?" अन पुढच्याच सोमवारी माह्यासंग एसटीत बसून पाहाले आली.

पाहाले काय, दारातच मास्तरांची बायको, आमी तिले काकू म्हणो, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. रोजच बसे. वर्ग सुटेपर्यंत तिचे तांदूळ कधी निवडून झाले नाही. मास्तरांचा नियमच होता, काकूले बरं नसलं तर वर्ग बंद. म्हणत, "बायकाईच्या मधात एकटा माणूस बसला तर लोकं बोलतीन, अन लोकाईनं नाही बोललं तर हे बोलन." काकू वर न पाहता म्हणे, "आधी मीच बोलन."

सासूले ते पटलं. बसली काकूजवळ, दोघी बोलू लागल्या. अन जाताना मास्तरांले म्हणाली, "माह्या सुनेले नीट शिकवा भाऊ. नवरी गोरी करता आली पायजे, नाही तर कोण येईन तिच्याजवळ."

आमी सगळ्या जणी झाडूकडं पाहू लागलो. काहून का मास्तरांच्या वर्गात 'गोरी' म्हणाची बंदी होती. जे म्हणन तिनं सगळा वर्ग झाडाचा, जिन्यासकट. मीच पहिल्या आठवड्यात तीनडाव झाडला होता. मास्तर उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला अन दोन्ही हातानं, आहेर देल्यावानी, माह्या सासूपुढं धरला. मले वाटलं संपलं, आता सासू मले वेणी धरून घरी नेते.

सासूनं मास्तरांकडं पाह्यलं, झाडूकडं पाह्यलं. मंग पदर खोचला अन झाडू लागली. कपाटाखालून एक कंगवा, दोन पिना अन कायतरी वाळलेलं काढलं. म्हणाली, "रंगवाचं मंग शिकवा मास्तर, पहिले ह्याईले कचरा काढाले शिकवा." मास्तर एवढे हासले का त्याईले खोकला लागला.

त्याईच्या बोलण्यात रंगाले बाजारातली नावं नव्हती. बाप त्याईचे सूत रंगवत, हातमागाचं, म्हणून सगळं तसंच. भिंतीवर खडूनं लिवलेलं होतं, भिजलेला धान, सुकली मोहफुलं, घासलेलं पितळ, न घासलेलं पितळ, धानाच्या बांधीतला चिखल, जांभळीचं खोड. नवी बाई आली का आमाले पुसत, "हे कोण?" अन आमी म्हणो, न घासलेलं पितळ, तवा ते बाई लाजे, राग नाही येत होता कोणाले. रंग मिसळाले पितळेची थाळी होती खालच्या दुकानातली. स्टीलची थाळी मास्तरांले चालत नव्हती. म्हणत, स्टीलवर सगळेच रंग उपाशी दिसतात.

अन रंग लावला का थांबाचं. हे तर ठरलेलंच. "ओलं सूत खोटं बोलते. वाळल्यावर पाय," असं म्हणत, अन दहा मिन्टं कोणी ब्रश उचलाचा नाही. आमाले सगळ्याईले पाणी प्याले पाठवत, तहान असो का नसो.

एकडाव त्याईनं आमाले आपापला अर्धाच चेहरा कराले लावला. डावा केलेला, उजवा तसाच. अन म्हणाले, आता बाजारात जाऊन पाव किलो वांगे आणा. कोणी हासलं तर नापास, काहून का जास्त झालं. कोणालेच फरक दिसला नाही तरी नापास. मी पोरगी कडेवर घेऊन गेली, मान खाली, अन वांगेवाली माह्याकडं पाहत राहिली, पाहत राहिली, अन म्हणाली, "बाई, लेकरानं एकाच बाजूनं झोपू देलं का तुले?" मी वर येऊन रडत सांगितलं. मास्तरांनी टाळी वाजवली. पास, म्हणाले. एका बाजूची झोप झाली असं वाटलं पायजे, बस, यापेक्षा जास्त मेकअप माणसाले लागत नाही.

पण माह्या पोरीचं सगळ्यात भारी. वर्गात तिचं नाव परीक्षक. झालं असं का दुसऱ्या महिन्यात मीनं मोबाईलवर पाहून पूर्ण चेहरा केला, डोळे, गाल, सगळं, अन तिले घ्याले गेली तर तिनं मले पाहून असा टाहो फोडला का खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर आलं. मास्तरांनी तिले उचललं, मले म्हणाले, "नाटकातला चेहरा मागच्या रांगेले दिसला पायजे. घरातला चेहरा लेकराले ओळखू आला पायजे. तू कोणत्या रांगेसाठी केलं?" त्या दिवसापासून ज्या पोरीचा मेकअप झाला ते परीक्षकापुढं येऊन बसे. पोरगी हासली तर ठीक, रडली तर धुऊन ये. एक पोरगी तर बिस्कीट लपवून आणे. मास्तर म्हणत, लाच चालणार नाही.

सर्टिफिकेट तिथं पेपर लिवून भेटत नव्हतं. पुस्तक कराले लागे. सहा चेहरे. एकेकाचे दोन फोटो, एक धुतलेला, एक केलेला, एकाच खिडकीत, एकाच साडीत, अन खाली आपल्या हातानं लिवलेली एक ओळ. मंग ते छापून, शिवून, पुठ्ठा लावून आणाचं, अन नागपूरहून एक मॅडम येऊन पाहणार. बाकीचे वर्गवाले मोबाईलवरच फोटो मागत. आमी कुरकुर केली तर मास्तर म्हणाले, "मोबाईल पडला का फुटते. पुस्तक पडलं का उघडते." काकूनं मंग मले खालच्या आवाजात सांगितलं, "तीस वर्षं चेहरे केले वं त्याईनं. सकाळी खोबरेल तेल लावलं का सगळे पुसून गेले. एकाचा फोटो नाही घरात."

मले सहा बाया कुठून भेटणार, मी तर दुकानात मीठ मागाले लाजो. काकू एक झाली. वांगेवाली एक झाली, तिले मास्तरांनीच विचारलं. आमच्या गल्लीतली एक पोरगी, तिचं लग्न दोन हप्त्यावर होतं, ते तयार झाली. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते. मीनं तिले दिवसभर मन लावून केलं, वरून ते बारीक पावडर भरपूर मारली, चमकू नये म्हणून, अन फ्लॅश मारून फोटो काढला. फोटोत तिच्या डोळ्याखाली चुना सांडल्यावानी पांढरे डाग. डोळ्यानं पाहाले काहीच नव्हतं, फोटोतच आलं. ते रडे अन मी तिच्यापेक्षा जास्त रडो. मास्तरांनी फोटो पाह्यला, मोबाईल उलटा ठेवला. "पावडर अर्धी. फ्लॅश बंद. खिडकी उघडी. अन दोघी तोंड धुवा," एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच साडी, तीच पोरगी, अन असा फोटो आला का तिच्या मायनं तो लग्नाच्या पत्रिकेसंग सगळ्याईले पाठवला.

त्यानंतर बाया आपल्या आपण विचारू लागल्या. पाच झाल्या. सहावी मी घरातच मागितली.

सासू म्हणाली, "माह्या थोबाडाचं काय पुस्तक करते वं. जन्म गेला बांधीत वाकून." पण आली. मास्तरांच्या खिडकीत स्टुलावर ताठ बसली, फोटो काढाच्या आधीच घाबरलेली. मास्तरांनी लांबूनच नाक ओढलं, म्हणाले, "बांधीतला चिखल. कडेनं वाळत आलेला. सांभाळून वं, असा रंग कमी भेटते." लग्नाले तीन वर्षं झाली होती, पण सासूच्या चेहऱ्याले हात लावाची माही ते पहिली वेळ. गालावर बोटं फिरवली, कपाळावर फिरवली, मंग पाहते तर सासूची मान हलली. झोपली होती. काकू सूप बाजूले ठेवून पाहत बसली. मास्तरांनी तोंडावर बोट ठेवलं अन सगळा वर्ग पायाच्या बोटावर चालू लागला. बिचारीच्या चेहऱ्याले आजवर कोणी असा हात लावला असन का, मले माहीत नाही.

त्या पानाखाली काय लिवू म्हणून मीनं चार दिवस डोकं धरलं. माहं शुद्धलेखन कसं तर तुमी पाहूनच राहिले. मास्तर म्हणाले, जसं बोलते तसं लिव. मीनं लिवलं, "ह्या माह्या सासू. मेकअप चालू असताना झोपल्या."

नागपूरच्या मॅडम शनवारी येणार होत्या. बुधवारी संध्याकाळी ज्याच्याकडं छापाले देलं होतं, लग्नाचे अल्बम कराचं दुकान होतं त्याचं, त्यानं मोबाईलवर सगळी पानं पाठवली, पाहून हो म्हणा, उद्या छापतो. मीनं उघडलं. साही बाया गोऱ्या. काकू गोरी, वांगेवाली गोरी, नवरी तर साडीतून वेगळीच दिसत नव्हती. सासूचा चेहरा असा धुतलेल्या बशीवानी, सुरकुती नाही, काही नाही.

सासूनं खांद्यावरून पाह्यलं. "माय वं. मी हो का हे?" मंग उलीसं, जराकच हासून म्हणाली, "असू दे. पह्यल्यांदाच गोरी झाली मी."

अन मी काय सांगू, मीनं ठरवलं का असू द्यावं. शनवारी दोनच दिवस होते, दुकानवाल्याशी भांडाची माही हिंमत नव्हती, अन सासू खुश होती, घरात सासू खुश असली का खोलीची गोष्ट सोपी. मीनं 'हो' लिवाले बोट ठेवलं सुद्धा. तेवढ्यात सासूनं मोबाईल घेतला अन माह्या पोरीपुढं धरला. पोरगी तवा सव्वा वर्षाची, आजी म्हणता येत नव्हतं, नुसतं 'जी' म्हणे, दिवसभर जी, जी. सासू म्हणाली, "सांग, कोण हाये हे?"

पोरीनं पाह्यलं. काही नाही. सासूनं अजून जवळ धरलं, "सांग ना वं, कोण?" पोरीनं मोबाईल हातानं बाजूले सारला अन मागच्या खऱ्या सासूकडं हात केले. "जी."

सासूनं मोबाईल हळूच खाटेवर उलटा ठेवला. चुलीकडं गेली, परत आली. मंग माह्याकडं न पाहता म्हणाली, "परीक्षकानं नापास केलं."

रातभर मी काय झोपली नाही. सकाळी पहिल्या एसटीनं आमी तिघी भंडाऱ्याले. मी आधी मास्तरांकडं गेली, म्हटलं मास्तर, तुमी चला, तुमी बोला त्याच्यासंग, माह्याच्यानं नाही होत. मास्तर थाळी घासत होते. म्हणाले, "पुस्तक कोणाचं?" मीनं म्हटलं, माहं. "मंग मी कायले येऊ?" अन घासतच राहिले. मले एवढा राग आला का जिना कसा उतरली ते समजलं नाही, अन रागात असलं का भेव वाटत नाही हे मले त्या दिवशी समजलं.

दुकानवाला म्हणाला, "काय झालं बाई, आवडलं नाही?"

"दादा, ह्या बायाईले गोरं काहून केलं?" शब्द तोंडातून गेला अन मले झाडू आठवला.

"सगळ्याईलेच करतो. ते तर पहिलंच काम असते आपलं. लोकं खुश होतात."

"मले जशा हायेत तशाच पायजे."

तो हासला. "आजवर असं कोणी म्हटलं नाही. अन पाहा, छापल्यावर अजून गडद येते. मंग तुमीच म्हणसान बिघडवलं."

"एकच पान काढा," मीनं म्हटलं. "माह्या सासूचं. जसा फोटो देला होता तसं. वाळू द्या, मंग सांगते."

त्यानं पान काढलं अन लगेच पुढं धरलं, पाहा, आलं ना काळं. मीनं म्हटलं, थांबा. "आता काय थांबाचं?" दहा मिन्टं थांबा. "बाई, हे काय भात हाये का?" पण मी हाललीच नाही. त्याच्या दुकानात पाण्याचा माठ होता, मीनं पाणी पेलं, सासूले देलं, त्यालेही देलं. मंग सासूले दुकानाच्या दारात उजेडात उभं केलं अन पान तिच्या गालाजवळ धरलं. उलीसं गडद होतं. मीनं सांगितलं, एवढं, नखाएवढं वर घ्या, जास्त नाही. दुसरं पान काढलं, लाल झालं. रस्त्यावरची दोनचार लोकं उभी राहिली. सासूले लाज वाटली असन, पण हालली नाही, उलट त्या माणसाले म्हणाली, "भाऊ, हा रंग मीनं उन्हात उभं राहून कमावला. तुमी एका बोटानं पुसून राहिले." त्यानं मंग तिसरं पान काढलं. तिसरं पान वाळलं, मीनं गालाजवळ धरलं, अन कुठं पान संपते अन कुठं सासू सुरू होते ते दिसेना. दुकानवाला काउंटरमागून बाहेर आला, दोन्हीकडं पाह्यलं, डोकं खाजवलं अन म्हणाला, "बाकीच्या पाच बायाईले पण आणसान का?"

नाही आणलं. त्याईचे रंग मले पाठ होते. सुकली मोहफुलं, न घासलेलं पितळ, एकेक सांगत गेली अन तो काढत गेला. काकूनं मंग मले सांगितलं, मास्तर त्या दिवशी अल्बमच्या दुकानासमोरच्या चायच्या टपरीवर तीन चाय पेले. घरी त्याईले चाय बंद होती. मी बोलत होती तवा तिथूनच पाहत होते.

शनवारी नागपूरच्या मॅडमनी सगळी पुस्तकं टेबलावर पाहून ठेवली, माहं उचलून खिडकीत नेलं. पानं पलटवली, शेवटच्या पानावर थांबल्या, ओळ वाचून हासल्या. "ह्या आल्या आहेत का?" सासू काकूच्या बाजूले तांदूळ निवडत बसली होती. उभी झाली. मॅडमनी पान पाह्यलं, सासूले पाह्यलं, अन सही केली. मले वाटलं झालं, पण मास्तर म्हणाले, "अजून एक सही बाकी हाये," अन पुस्तक जमिनीवर माह्या पोरीपुढं उघडून ठेवलं. पोरीनं पानावर थाप मारली. एकडाव, दोनडाव. "जी," म्हणाली. अन वाकून त्या पानाची पापी घेतली, ओली, चिकट, तो डाग अजून हाये त्यावर. मास्तर तोंड फिरवून खिडकीकडं गेले.

आता तो वर्ग नाही. मास्तर अन काकू आपल्या पोरीकडं गोंदियाले गेले, जाताना पितळेची थाळी मले देली, दरमहिन्याले घास, म्हणाले. समोरच्या खोलीत माहं पार्लर हाये. आरसा मीनं जिथं ठरवला होता तिथंच लावला, कोनाड्यात ते पुस्तक ठेवलं. येणाऱ्या बाईले सासूच उघडून दाखवते, मधलं काही नाही, शेवटचं पान पहिले, "हे मी," म्हणते. मागच्या हप्त्यात एक माय तिच्या पोरीले घेऊन आली, सोमवारी साखरपुडा हाये, म्हणाली, फक्त जराक गोरी करून द्या.

मी काही बोलाच्या आत सासू मधल्या खोलीतून आली. झाडू दोन्ही हातानं धरलेला.